अर्भकाचा अपराध कोणता? : ख्रिस्ती पूर्वनियतिवाद आणि दुःखाचा प्रश्न

वर्षावासातील एका सायंकाळी प्रवचन आटोपल्यावर एक तरुण उपासिका भंतेजींना वंदन करून समोर बसली. तिचे आठ महिन्यांचे मूल काही दिवसांपूर्वी तापाने दगावले होते. ती म्हणाली, "भंतेजी, शेजारच्या ख्रिस्ती बाई म्हणाल्या, देवाची इच्छा होती, त्यानं बाळाला बोलावून घेतलं. सासूबाई म्हणतात, मागल्या जन्मीचे भोग असतील. दोघीही माझ्या मायेपोटीच बोलतात. पण माझ्या बाळाचं चुकलं तरी काय होतं?"

भंतेजींनी तिचे सांत्वन केले. परंतु तिचा प्रश्न उपस्थितांपैकी अनेकांच्या मनात घर करून राहिला. वरवर पाहता तिला मिळालेली दोन उत्तरे परस्परविरोधी आहेत. एक ईश्वराकडे बोट दाखवते, दुसरे पूर्वजन्माकडे. तथापि दोहोंचा परिणाम एकच होतो. जे घडले ते आधीच ठरलेले होते, असे दोन्ही सांगतात आणि 'हे का घडले' हा प्रश्न जिथे विचारायला हवा तिथून तो दूर नेतात.

यांपैकी पहिल्या उत्तरावर ख्रिस्ती धर्मचिंतनात सोळाशे वर्षे वाद चालू आहे. तो वाद अत्यंत गंभीर, बुद्धिमान आणि अनेकदा प्रामाणिक माणसांनी घातलेला आहे. म्हणून त्याची थट्टा करणे हा आपला हेतू नव्हे. तो समजून घेतला म्हणजे तथागतांनी ईश्वरनिर्मितीचा वाद का नाकारला हे अधिक स्पष्ट होते, आणि आपल्या स्वतःच्या घरात शिरलेला नियतिवाद ओळखण्यासही मदत होते.

वादाचे मूळ

ईश्वर एकच आहे, तो सर्वशक्तिमान आहे, सर्वज्ञ आहे आणि परम दयाळू आहे, अशी ख्रिस्ती धर्माची श्रद्धा आहे. मनुष्य पापी असून त्याचे तारण केवळ ईश्वराच्या कृपेने होते, असेही तो धर्म मानतो. आता प्रश्न उपस्थित होतो की, सर्वांचे तारण होत नसेल तर कोणाचे व्हावे हे कोण ठरवतो? मनुष्याने ठरवायचे म्हटले तर ईश्वराच्या सर्वशक्तिमत्तेला बाध येतो. ईश्वरानेच ठरवायचे म्हटले तर ज्यांना त्याने वगळले त्यांच्या दुःखाचा कर्ता तोच ठरतो. कोणाला तारावयाचे हे ईश्वराने सृष्टीच्या आधीच निश्चित केले आहे, या मतास पूर्वनियतिवाद म्हणतात.

या मताचा मुख्य आधार म्हणजे पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा नववा अध्याय होय. तेथे पौल याकोब आणि एसाव या जुळ्या भावांचे उदाहरण देतो. त्यांचा जन्मही झाला नव्हता, बरेवाईट काही त्यांच्या हातून घडले नव्हते, तोच एकाची निवड झाली होती. यावर कोणी अन्यायाचा आक्षेप घेईल म्हणून तो कुंभार आणि मातीचा दृष्टांत देतो. एकाच गोळ्यातून कुंभार कोणते भांडे कशासाठी घडवील, हे विचारण्याचा अधिकार मातीला नाही, असा त्याचा आशय आहे.

परंतु त्याच ग्रंथात वेगळा सूरही आहे. योहानाच्या शुभवर्तमानात एक जन्मांध मनुष्य भेटतो. याने पाप केले की याच्या आईबापांनी, असे शिष्य विचारतात. येशू दोन्ही पर्याय नाकारतो. लूकच्या शुभवर्तमानात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेल्याचा उल्लेख आहे. ते अठराजण इतरांहून अधिक पापी होते असे समजू नका, असे येशू बजावतो. दुःख म्हणजे अपराधाची शिक्षा नव्हे, हा विचार म्हणजे त्या परंपरेतील एक मोलाचा धागा आहे.

ऑगस्टीन आणि पेलाजियस

पाचव्या शतकाच्या आरंभी हा वाद उघड पेटला. त्याच्या एका बाजूला ऑगस्टीन (इ. स. ३५४ ते ४३०) होता. आजच्या अल्जीरियातील हिप्पो नगरीचा तो बिशप होता. दुसऱ्या बाजूला ब्रिटनमधून रोमला आलेला पेलाजियस हा तपस्वी होता. ईश्वराने जे करण्याची आज्ञा दिली आहे ते करण्याचे सामर्थ्य मनुष्यात असलेच पाहिजे, अन्यथा आज्ञा निरर्थक ठरेल, असे पेलाजियसचे म्हणणे होते. नैतिक आळसाने तो व्यथित झाला होता. आपण दुर्बळ आहोत असे म्हणत माणसे स्वतःला सूट देतात, असे त्याला दिसत होते.

ऑगस्टीनचा अनुभव वेगळा होता. तारुण्यातील वासनांशी त्याने दीर्घ झुंज दिली होती. सवयीची साखळी मनाला कशी जखडते, चांगले कळूनही ते हातून का घडत नाही, याचे त्याने आपल्या आत्मकथनात केलेले वर्णन आजही वाचनीय आहे. बौद्ध वाचकाला त्यात संस्कारांच्या बळाचे चित्र ओळखू येईल. मनुष्य कोणत्याही कारणाविना मोकळेपणी निवड करतो, हे पेलाजियसचे गृहीत खरे नाही, एवढे ऑगस्टीनने अचूक हेरले. पेलाजियसचे मत टोकाला नेले तर दुःखी आणि पतित माणसाच्या अवस्थेचा सर्व दोष त्याच्या एकट्याच्याच माथी बसतो, हेही विसरता कामा नये.

मात्र या निरीक्षणातून ऑगस्टीनने जो सिद्धान्त उभारला तो भयंकर होता. आदामाच्या पापामुळे संपूर्ण मानवजात दंडास पात्र झाली आहे आणि त्या राशीतून ईश्वर काहींना केवळ आपल्या मर्जीने उचलून घेतो, असे त्याने मांडले. येथेच अर्भकाचा प्रश्न आला. बाप्तिस्मा न होता मेलेल्या बालकाचे काय होते? असे बालकही दंडित होते, फक्त त्याचा दंड सर्वांत सौम्य असतो, असे ऑगस्टीनचे उत्तर होते. लहान मुलांना रोग होतात, वेदना होतात, मृत्यू येतो. ईश्वर तर न्यायी आहे. तेव्हा त्या मुलांकडे वारसाने आलेला अपराध असलाच पाहिजे, असा त्याचा युक्तिवाद होता.

या तर्काची रचना वाचकांनी नीट पाहावी. मुलाची वेदना डोळ्यांसमोर आहे. ईश्वराचा न्याय गृहीत आहे. मग दोहोंचा मेळ घालण्यासाठी मुलाच्या नावावर एक अपराध लिहिला जातो. इटलीतील एक्लानमचा बिशप ज्यूलियन याने याविरुद्ध तीव्र आवाज उठवला. नवजात बालकांना दंड देणारा ईश्वर न्यायी म्हणताच येत नाही, असे तो सांगत राहिला. परंतु ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने पेलाजियसच्या मतांचा निषेध केला. तो निषेध मान्य करण्यास नकार दिल्यामुळे ज्यूलियनला आपले पद गमवावे लागले.

मठवासीयांचा प्रश्न

याच काळातील एक घटना आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. आजच्या ट्युनिशियातील हद्रुमेतुम येथे ख्रिस्ती मठवासीयांचा एक आश्रम होता. ऑगस्टीनचे एक पत्र तेथे पोहोचले आणि मठात खळबळ माजली. सगळेच ईश्वराच्या कृपेवर अवलंबून असेल, तर चुकणाऱ्या बांधवाला रागावण्यात काय अर्थ आहे? मठाधिपतीने आम्हांला दोष का द्यावा? ज्याला कृपा मिळाली नाही त्याच्यासाठी केवळ प्रार्थना करावी, असा प्रश्न तिथे निघाला.

इ. स. ४२६-४२७ च्या सुमारास ऑगस्टीनने या प्रश्नावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. कानउघाडणी हेही ईश्वराने योजलेलेच एक साधन आहे, तिच्याद्वारेही तो कृपा पोहोचवतो, असे त्याचे उत्तर होते. उत्तर चतुर आहे. परंतु त्याने प्रश्न सुटत नाही. कारण उपदेश ऐकून सुधारणारा आणि न सुधारणारा, दोघांचाही निर्णय आधीच झालेला आहे. हद्रुमेतुमच्या त्या अनाम मठवासीयांनी सिद्धान्ताचा सर्वांत दुबळा सांधा अचूक दाबला होता. हाच प्रश्न तथागतांनी त्यांच्या सुमारे नऊशे वर्षे आधी विचारला होता. त्याकडे आपण पुढे वळू.

कॅल्व्हिनपासून डॉर्टपर्यंत

मध्ययुगीन चर्चने ऑगस्टीनचे मत जसेच्या तसे स्वीकारले नाही. ५२९ सालच्या ऑरेंजच्या धर्मसभेने कृपेचे प्राधान्य मान्य केले, परंतु ईश्वर कोणाला पापासाठी नेमतो हे मत धिक्कारले. नवव्या शतकात गॉटशाल्क नावाच्या मठवासीयाने तारण आणि नाश अशा दुहेरी नियतीचा पुरस्कार केला, तेव्हा त्याला फटके मारून मठात बंदिस्त करण्यात आले.

सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेत हा प्रश्न पुन्हा वर आला. १५२४ साली इरॅस्मसने मनुष्याच्या इच्छास्वातंत्र्याची बाजू मांडली आणि पुढच्याच वर्षी मार्टिन ल्यूथरने तिचे सडेतोड खंडन केले. जिनिव्हाच्या जॉन कॅल्व्हिनने (१५०९ ते १५६४) या मताला सर्वांत पद्धतशीर रूप दिले. ईश्वराने आपल्या शाश्वत संकल्पाने काहींना चिरंतन जीवनासाठी आणि काहींना चिरंतन दंडासाठी नेमले आहे, असे त्याने निःसंदिग्धपणे लिहिले. हा संकल्प थरकाप उडवणारा आहे, हे त्याने स्वतःच मान्य केले होते. झेरोम बोल्सेक याने जिनिव्हात या मताला जाहीर विरोध केला तेव्हा १५५१ साली त्याला हद्दपार करण्यात आले.

पुढे हॉलंडमध्ये लायडन विद्यापीठाचा प्राध्यापक याकोबुस आर्मिनियस याने सौम्य पर्याय मांडला. कोण श्रद्धा ठेवील हे ईश्वर आधीच जाणतो आणि त्यानुसार निवड करतो, कृपा नाकारण्याची मुभा मनुष्याला असते, असे तो म्हणे. त्याच्या मृत्यूनंतर १६१० साली त्याच्या अनुयायांनी पाच कलमांचे निवेदन सादर केले. त्याचा निवाडा करण्यासाठी डॉर्ट येथे १६१८-१९ मध्ये धर्मपरिषद भरली. तिने आर्मिनियसवाद्यांचा पराभव केला. सुमारे दोनशे धर्मोपदेशकांना पदे सोडावी लागली. त्या पक्षाचा राजकीय आधार असलेल्या वृद्ध मुत्सद्दी ओल्डेनबार्नेव्हेल्टचा मे १६१९ मध्ये शिरच्छेद झाला. वाद जरी कृपेचा होता, तरी निकाल सत्तेने लावला.

तरीही मेलेले मूल वादातून हटले नाही. श्रद्धावंत आईबापांनी आपल्या लहानपणी वारलेल्या मुलांच्या निवडीविषयी शंका बाळगू नये, असे एक कलम डॉर्टच्या परिषदेला आपल्या निर्णयात घालावे लागले. इंग्लंडमध्ये वेस्टमिन्स्टरच्या १६४६ च्या श्रद्धापत्रात निवडलेली अर्भके तरतात, असे म्हटले गेले. न निवडलेल्या अर्भकांचे काय, हा प्रश्न त्या शब्दांमागे दबा धरून बसला होता. अखेर १९०३ साली अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन चर्चने खुलासा केला की, बालपणी मरण पावलेला कोणीही नाश पावतो असा या श्रद्धापत्राचा अर्थ लावू नये. रोमन कॅथलिक चर्चच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्रीय आयोगानेही २००७ साली बाप्तिस्म्याविना मेलेल्या बालकांच्या तारणाची आशा बाळगण्यास सबळ आधार आहे, असे प्रतिपादन केले.

ऑगस्टीनपासून या टप्प्यापर्यंत येण्यास पंधराशेहून अधिक वर्षे लागली. हा बदल कोणी घडवून आणला? मूळ ग्रंथ तोच होता. मुले गमावलेल्या असंख्य आयांचे दुःख आणि सामान्य माणसाची नीतिबुद्धी यांनी सिद्धान्ताला हळूहळू मागे ढकलले. धर्माने माणसाला मोजण्याऐवजी माणसाच्या करुणेने धर्माला मोजले.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे. पूर्वनियतिवाद माणसाला निष्क्रिय करतो म्हणावे, तर कॅल्व्हिनचे अनुयायी जगातील अत्यंत उद्योगी समाजांपैकी ठरले. आपण निवडलेल्यांपैकी आहोत की नाही या चिंतेने त्यांना अखंड परिश्रमाकडे ढकलले, असे समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर याने १९०४-०५ मध्ये मांडले. आपल्याकडील उदाहरणही बोलके आहे. मिरजेचे प्रसिद्ध मिशन रुग्णालय १८९४ साली अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वानलेस यांनी उभारले. त्यांच्या संप्रदायाचे श्रद्धापत्र वेस्टमिन्स्टरचेच होते. तरीही रुग्णाच्या खाटेशी ईश्वरी संकल्पाची चर्चा करून भागत नाही, तेथे रोगाचे कारण शोधावे लागते आणि त्यावर उपचार करावे लागतात. या माणसांचे आचरण त्यांच्या सिद्धान्ताहून श्रेष्ठ होते, असेच म्हटले पाहिजे.

लिस्बनचा भूकंप

१ नोव्हेंबर १७५५ रोजी पोर्तुगालची राजधानी लिस्बन भूकंपाने हादरली. तो सर्व संतांचा सण होता. सकाळच्या उपासनेसाठी चर्चे भाविकांनी भरलेली होती. छते कोसळली, पाठोपाठ समुद्राच्या लाटा आल्या आणि नंतर कित्येक दिवस आग धुमसत राहिली. हजारो माणसे मृत्युमुखी पडली. आहे हे जग शक्य असलेल्या सर्व जगांत उत्तम होय, असे लायब्निझने १७१० मध्ये ईश्वराच्या न्यायीपणाच्या समर्थनार्थ प्रतिपादिले होते. व्हॉल्तेअरने लिस्बनच्या ढिगाऱ्याकडे बोट दाखवून त्या आशावादाचा समाचार घेतला.

त्या नगरीत तेव्हा दोन प्रकारचे प्रश्न विचारले गेले. मालाग्रिदा नावाच्या जेझुइट धर्मगुरूने १७५६ मध्ये पुस्तिका लिहून सांगितले की, आपत्तीचे कारण लोकांचे पाप आहे आणि तिला नैसर्गिक म्हणणे चुकीचे आहे. दुसरीकडे मंत्री पोंबाल याने देशभरच्या धर्मग्रामांना प्रश्नावली पाठवली. धक्का किती वेळ टिकला? किती धक्के बसले? समुद्राचे पाणी आधी चढले की ओसरले? किती माणसे मेली? पोंबाल हा काही संत नव्हता. त्याची राजवट कठोर होती आणि मालाग्रिदाला पुढे १७६१ मध्ये देहदंड झाला. परंतु त्या प्रश्नावलीच्या उत्तरांमधून भूकंपाच्या शास्त्रीय अभ्यासाला चालना मिळाली. 'कोणाचे पाप?' या प्रश्नातून एकही घर भक्कम बांधले गेले नाही.

आपल्या देशातही असेच घडले आहे. १५ जानेवारी १९३४ च्या बिहारच्या भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने दिलेली शिक्षा म्हटले. रवींद्रनाथ ठाकूर यांनी त्यास जाहीर हरकत घेतली. अस्पृश्यतेच्या निषेधासाठी केलेले विधान असले तरी ते आपणही नाकारलेच पाहिजे. ज्या भूकंपात अस्पृश्यांच्या झोपड्याही गाडल्या गेल्या, तो अस्पृश्यतेची शिक्षा कसा? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात हजारो माणसे गेली. मातीत रचलेल्या जड दगडी भिंती आणि मातीचे धाबे यांनी त्यांचे प्राण घेतले. हे कारण कळते म्हणूनच ते टाळताही येते.

निवड आणि वर्णभेद

ईश्वराची सत्ता दुःखाचे कारण ठरली की समाजातील विषमताही ईश्वरदत्त ठरू लागते. दक्षिण आफ्रिकेतील डच रिफॉर्म्ड चर्च हे कॅल्व्हिनच्या परंपरेतील चर्च होय. १८५७ साली तेथील धर्मसभेने काहींच्या दुर्बळतेचे कारण देऊन वेगळ्या उपासनेला मुभा दिली. १८८१ मध्ये मिश्रवर्णीयांसाठी निराळे मिशन चर्च स्थापन झाले. विसाव्या शतकात वर्णभेदाच्या राजवटीला त्याच गोऱ्या चर्चने धर्मशास्त्रीय आधार पुरवला. मानवजातीची भिन्न समूहांत विभागणी ही ईश्वरी योजना आहे, असे सांगितले गेले. ज्या समाजाने जन्माची उतरंड ब्रह्मदेवाच्या मुखापासून पायांपर्यंत मांडलेली पाहिली आहे, त्याला हा युक्तिवाद परका वाटणार नाही.

परंतु या कथेला दुसरी बाजू आहे. १९८२ साली ऑटावा येथे रिफॉर्म्ड चर्चांच्या जागतिक संघाने वर्णभेदाचे धार्मिक समर्थन हे पाखंड असल्याचे घोषित केले. त्याच वर्षी मिश्रवर्णीयांच्या मिशन चर्चने बेल्हार येथे नवे श्रद्धापत्र सिद्ध केले आणि १९८६ मध्ये ते स्वीकारले. ईश्वर विशेषत्वाने दीनांचा आणि अन्यायग्रस्तांचा आहे, असे त्यात म्हटले आहे. अमेरिकेत कृष्णवर्णीय विचारवंत विल्यम जोन्स याने १९७३ मध्ये त्याहून कठोर प्रश्न विचारला. ईश्वर जर सर्वसत्ताधीश आहे आणि गुलामगिरी शतकानुशतके चालली, तर ईश्वरच गोऱ्यांचा पक्षपाती नव्हे काय? पीडितांनी आपल्या धर्माला असा जाब विचारणे ही त्या परंपरेतील आदरणीय घटना होय.

तथागतांची कसोटी

अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात एक सुत्त आहे. त्यात तथागत तीन मतांची परीक्षा करतात. मनुष्याला जे सुखदुःख भोगावे लागते ते सर्व पूर्वकर्मामुळे, हे पहिले मत. ते सर्व ईश्वराच्या निर्मितीमुळे, हे दुसरे. ते कारणाविना, हे तिसरे. तथागत या मतवाद्यांना विचारतात की, मग हत्या करणारा, चोरी करणारा, खोटे बोलणारा हाही ईश्वरामुळेच तसा होतो काय? जो या मतावर विसंबतो त्याच्या ठायी प्रयत्नाची इच्छा उरत नाही आणि हे करावे, हे करू नये, असा विवेकही उरत नाही.

हद्रुमेतुमच्या मठवासीयांचा प्रश्न तो हाच. तथागतांनी ईश्वर आहे की नाही या वादात न पडता मताची कसोटी त्याच्या परिणामावर लावली. जो सिद्धान्त उपदेश निरर्थक करतो, प्रयत्न निष्फळ ठरवतो आणि गुन्हेगाराला निर्दोष सोडतो, तो माणसाच्या कामाचा नाही. मज्झिम निकायातील देवदह सुत्तात हीच कसोटी उपरोधाने येते. सुखदुःख ईश्वराच्या निर्मितीमुळे असेल, तर इतके क्लेश सोसणाऱ्या निगंठांना दुष्ट ईश्वरानेच निर्माण केले असले पाहिजे, असे तथागत म्हणतात.

तिसरे मतही त्यांनी नाकारले, हे विसरू नये. मनुष्याची इच्छा कारणांच्या पलीकडे स्वैर आहे, हे पेलाजियसचे गृहीत बौद्धांना मान्य होणार नाही. प्रतीत्यसमुत्पादाचा मार्ग या दोन्ही टोकांमधून जातो. प्रत्येक गोष्ट कारणांनी घडते. कारण बदलले की कार्य बदलते. सवयीची साखळी खरी आहे, परंतु ती तोडण्याची साधनेही खरी आहेत. म्हणूनच दुःख आहे असे म्हणून तथागत थांबले नाहीत. दुःखाचे कारण, त्याचा निरोध आणि निरोधाचा मार्ग त्यांनी दाखवला.

आपल्या घरातील नियतिवाद

आता सासूबाईंच्या उत्तराकडे वळू. पहिले मत म्हणून तथागतांनी ज्याचे खंडन केले ते ईश्वराचे नसून पूर्वकर्माचे आहे. ख्रिस्ती पूर्वनियतिवादाकडे बोट दाखवताना आपण हे विसरतो. ऑगस्टीनने मेलेल्या अर्भकाच्या नावावर आदामाचे पाप लिहिले. आपण त्याच अर्भकाच्या नावावर मागल्या जन्माचे पाप लिहितो. तर्काची रचना तीच राहते.

संयुत्त निकायात मोलिय सीवक हा परिव्राजक तथागतांना थेट विचारतो की, सर्व वेदना पूर्वकर्मामुळे होतात हे म्हणणे बरोबर आहे काय? तथागत उत्तरादाखल वेदनांची आठ कारणे सांगतात. पित्त, कफ, वात, त्यांचा संयोग, ऋतुबदल, निष्काळजीपणा, बाहेरून झालेला आघात आणि कर्मविपाक. आठांपैकी कर्म हे केवळ एक कारण आहे. सर्व काही कर्मानेच होते म्हणणारे, प्रत्यक्ष अनुभवाला आणि जगाच्या समजुतीला सोडून बोलतात, असे ते स्पष्ट सांगतात.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात ईश्वरनिर्मितीचा वाद आणि पूर्वकर्माचा सिद्धान्त या दोहोंची कठोर चिकित्सा केली. गरिबाच्या दुरवस्थेचे खापर त्याच्या पूर्वजन्मावर फोडले की राज्य आणि समाज यांची जबाबदारी संपते, हे त्यांनी ओळखले होते. हा विचार केवळ पुस्तकी नव्हता. बाबासाहेब आणि माता रमाई यांची चार मुले बालपणीच गेली. त्यांतील राजरत्न १९२६ साली गेला. दोनच वर्षांनी, १९२८ मध्ये, मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांना प्रसूतीच्या काळात सवलत देणारे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याचे आग्रहपूर्वक समर्थन केले. बाळंतपणापूर्वी आणि नंतर आईला विश्रांती मिळाली पाहिजे आणि ते देशाच्या हिताचे आहे, असे त्यांनी मांडले. १९२९ मध्ये तो कायदा झाला. अर्भके का मरतात या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर ते हेच होते.

त्या उपासिकेला काय सांगावे? प्रथम हे सांगावे की, तुझ्या बाळाचे काहीही चुकले नव्हते. त्याने कोणाचे पाप वाहिले नव्हते, आदामाचे नाही आणि मागल्या जन्माचेही नाही. तुझ्या शेजारणीचा हेतू प्रेमाचा होता. तिच्याच धर्मातील अनेकांना हे सांगण्यासाठी शतके झगडावे लागले. मग, तिचा शोक ओसरेल तेव्हा, तिच्या सोबतीने बसून विचारावे की वस्तीतल्या पाण्याचे काय, दवाखाना किती दूर आहे, पुढच्या मुलाला ताप आला तर पहिल्या दिवशी कोणी धावून जायचे. किसा गोतमीला तथागतांनी पूर्वजन्म सांगितला नाही. मुठीभर मोहरी मागण्यासाठी त्यांनी तिला गावातील घराघरांत पाठवले, आणि आपल्यासारखीच दुःखी माणसे तिला तिथे भेटली.

विहारात आलेल्या प्रत्येक दुःखी माणसाला आपण 'हे ठरलेलेच होते' असे म्हणणार की 'हे का घडले ते पाहू' असे म्हणणार, यावर आपला धम्म जिवंत आहे की नाही हे ठरते.